केमिस्ट्री आणि चित्रातला घोडा

— द्वितीय वर्ष कला

दहावीनंतर कला शाखेचा अर्ज भरला तेव्हा एका गोष्टीचे मोठे समाधान वाटले होते. केमिस्ट्री सुटली! ती समीकरणे, ती संयुजा, तो परीक्षानळीतला निळा-हिरवा रंग, सगळ्याला रामराम ठोकून मी निर्धास्त झाले. पण वसतिगृहात राहायला आले आणि महिन्याच्या आत हाच विषय पुन्हा मानगुटीवर बसला. रात्रीची मेस आटोपली की आमच्या खोलीत पाच-सहा जणी एका मोबाईलभोवती डोकी जुळवून बसत. भाग संपला की वादाला तोंड फुटे.

"या दोघांत केमिस्ट्रीच नाही गं!"

"नाही कशी? त्याचे डोळे बघितलेस का तू?"

"डोळ्यांचं काय घेऊन बसलीस? तो नुसता खांबासारखा उभा होता!"

वाद कधी कधी इतका रंगे, की रेक्टरबाई येऊन दिवा बंद करायला लावीत. ही चर्चा चालायची ती हिंदी किंवा मराठी मालिकांबद्दल नव्हे, तर थायलंड, जपान, कोरिया, तैवान अशा देशांतून येणाऱ्या 'बॉईज लव्ह' म्हणजेच 'बीएल' मालिकांबद्दल. दोन तरुणांची प्रेमकथा हा त्यांचा विषय. भाषा आम्हांला कुणालाच येत नाही. खाली धावणाऱ्या इंग्रजी ओळी वाचत आम्ही त्या पाहतो. माझे इंग्रजी गेल्या दोन वर्षांत जे काही सुधारले, त्याचे निम्मे श्रेय या ओळींना द्यावे लागेल.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी, विशेषतः प्राध्यापकवर्गासाठी, थोडे सांगते. या कथांचे मूळ जपानमधल्या मुलींच्या चित्रकथांत आहे. मोतो हागिओ यांची थॉमस नावाच्या मुलावरची चित्रकथा १९७४ साली आणि केइको ताकेमिया यांची 'वारा आणि झाडांचे गाणे' १९७६ साली सुरू झाली. लिहिणाऱ्या स्त्रिया, वाचणाऱ्या मुली आणि कथेत प्रेम करणारे दोन मुलगे, असा हा संसार तेव्हापासूनचा आहे. थायलंडच्या दूरचित्रवाणीवर २०१४ साली 'लव्ह सिक' आली, २०१६ साली 'सोटस' आली आणि मग रीघच लागली. २०२० साली सगळे जग घरात कोंडले गेले असताना 'टूगेदर' ही थाई मालिका देशोदेशी पोहोचली. मुलींना या कथा का आवडतात, असा प्रश्न हमखास विचारला जातो. माझ्या रूमपार्टनरने त्याचे उत्तर एका वाक्यात दिले होते, "यात कुणालाच सासरी जायचं नसतं ना!" यापेक्षा जास्त मी सांगणार नाही, कारण मला बोलायचे आहे ते आम्हां प्रेक्षकांच्या मतांबद्दल.

प्रेक्षकांची मते साधारणपणे तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार रूपाचा. एक उंच हवा, दुसरा त्याच्या खांद्याला लागणारा हवा. एक रांगडा, दुसरा नाजूक. चित्रकथांतून आलेला हा साचा आहे आणि पात्रयोजना त्यात बसली नाही की अनेकांचा हिरमोड होतो. मला स्वतःला हा साचा आवडत नाही. दोन मुलग्यांच्या गोष्टीतही आपण नवरा कोण आणि बायको कोण हेच शोधत बसणार असू, तर वेगळे ते काय पाहिले? २०२१ च्या अखेरीस आलेली 'बॅड बडी' ही थाई मालिका म्हणूनच मला जवळची वाटते. पॅट आणि प्रान एकमेकांचे शेजारी. दोन्ही घरांची हार्डवेअरची दुकाने आणि दोन्ही घरांत हाडवैर. आमच्या गावाकडे बांधावरून भाऊबंदकी चालते, अगदी तसे. त्या भूमिका करणारे ओम आणि ननोन अंगाने-मानाने बरोबरीचे दिसतात. कुणी कुणाला सांभाळत नाही, दोघेही एकमेकांवर कुरघोडी करीत राहतात आणि त्या भांडणातूनच प्रेम दिसत जाते. साचा मोडला म्हणून काही बिघडले नाही.

दुसरा प्रकार तुलनेचा. याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'चेरी मॅजिक'. गोष्ट गमतीची आहे. तिशी गाठेपर्यंत ब्रह्मचारी राहिलेल्या आदाची नावाच्या बुजऱ्या कारकुनाला स्पर्शातून दुसऱ्याचे मन वाचता येऊ लागते आणि लिफ्टच्या गर्दीत त्याला कळते, की कचेरीतला सर्वांत देखणा, सर्वांत हुशार सहकारी कुरोसावा आपल्यावर प्रेम करतो. २०२० सालच्या जपानी मालिकेत आकासो एइजी आणि माचिदा केइता यांनी या भूमिका केल्या. पुढे याच गोष्टीची थाई आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात टे तवान आणि न्यू ही जोडी होती, जी आधीच्या मालिकांमुळे प्रेक्षकांच्या चांगल्या परिचयाची होती.

झाले! आमच्या खोलीत दोन तट पडले. थाई पक्षाचे म्हणणे असे, की ही जोडी एकमेकांजवळ किती सहज वावरते, तिथे संकोच नाही, अवघडलेपण नाही. जपानी नटांनी तर शेवटच्या भागात लिफ्टचे दार बंद होईपर्यंत आम्हांला ताटकळत ठेवले आणि चुंबन दाखवलेच नाही! जपानी पक्ष म्हणे, की अहो, अवघडलेपण हीच तर गोष्ट आहे. मी जपानी पक्षात होते. माचिदा केइताला एकाच वेळी दोन कामे करायची आहेत. चेहऱ्यावर कचेरीतले सभ्य हसू ठेवायचे आणि आतला आवाज मात्र वेडापिसा झालेला. या दोहोंतले अंतर जितके मोठे, तितकी गंमत जास्त. आदाचीला आपण कुणाला आवडू शकतो यावर विश्वासच बसत नाही. तिथे दोघे पहिल्यापासून मुरलेल्या मित्रांसारखे वावरले, तर त्या जादूची गरजच काय? उत्तरार्धात मात्र, जिथे दोघांचा एकत्र संसार सुरू होतो, तिथे थाई जोडीची सहजता उपयोगी पडते हे मान्य करायला हवे. सांगायचा मुद्दा इतकाच, की केमिस्ट्री चांगली की वाईट हे नुसत्या जोडीवरून ठरत नाही. कोणत्या गोष्टीतली, कोणत्या प्रसंगातली, हे पाहावे लागते.

मग ही केमिस्ट्री येते तरी कुठून? दोन माणसे शेजारी उभी केली आणि ठिणगी पडली, असे आम्ही समजून चालतो. पण २०२० सालची 'गेमबॉईज' ही फिलिपाईन्सची मालिका पाहावी. टाळेबंदीच्या काळात घडणारी आणि त्याच काळात तयार झालेली ही गोष्ट. कायरो आणि गॅवरील बहुतेक काळ आपापल्या घरी, आपापल्या पडद्यासमोर. हात धरणे नाही, मिठी नाही, एका चौकटीत बसणेही नाही. जे काही आहे ते बोलण्यातले थांबे, कॅमेऱ्याकडे न पाहता खाली वळलेली नजर आणि फोन ठेवण्याआधीची दोन क्षणांची दिरंगाई. कोकोय दे सांतोस आणि एलायजा कॅनलस या नटांनी एवढ्या भांडवलावर जे उभे केले, ते पाहून 'जवळ येण्याशिवाय केमिस्ट्री नाही' म्हणणाऱ्यांची बोलतीच बंद व्हावी.

दुसरे उदाहरण जपानचे. 'काल काय खाल्ले?' अशा अर्थाच्या नावाची मालिका २०१९ साली आली. फुमी योशिनागा यांच्या चित्रकथेवरची. यात कॉलेजकुमार नाहीत. मध्यमवयीन वकील शिरो आणि केशकर्तनकार केंजी हे एका घरात राहणारे जोडपे आहे. शिरो काटकसरीने बाजारहाट करतो, स्वयंपाक करतो आणि दोघे जेवतात. एवढेच! निशिजिमा हिदेतोशी आणि उचिनो सेइयो हे दोघे मुरलेले नट. केंजी पहिला घास घेतो आणि त्याचा चेहरा उजळतो, तेव्हा शिरो त्याच्याकडे न पाहताच समाधान पावतो. आमच्या खोलीतल्या काही जणींना ही मालिका संथ वाटली. मला मात्र माझ्या आजी-आजोबांची आठवण झाली. आजोबा पहिला घास घेईपर्यंत आजी चुलीपुढून उठत नसे, आणि बोलत तर काहीच नसे.

तिसरे उदाहरण माझ्या मनात घर करून राहिलेले. २०२० सालची थाई मालिका 'आय टोल्ड सनसेट अबाउट यू'. अवघे पाच भाग, फुकेतमध्ये घडणारे. तेह आणि ओएव हे एकेकाळचे मित्र, मग वैरी, विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीत पुन्हा एकत्र येतात. तेहची आई नूडल्सचे दुकान चालवते. तेह ओएवला चिनी भाषा शिकवतो. पुढे तेहला हवी असलेली जागा मिळते आणि ओएवला मिळावी म्हणून तो ती सोडून देतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. प्रवेशाच्या यादीत आपले नाव असणे म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. त्यामुळे तो प्रसंग पाहताना मला चुंबनाबिंबनाची आठवणही झाली नाही. हा मुलगा त्याच्यावर किती प्रेम करतो, हे मला त्या एका कृतीने कळले. बिलकिन आणि पीपी या नटांची जोडी अप्रतिम आहेच, पण त्यांच्या हातात लेखकाने ती सोडलेली जागा दिली नसती तर नुसत्या नजरांनी काय साधले असते? केमिस्ट्रीचे निम्मे श्रेय लिहिणाऱ्याचे असते, हे आम्ही प्रेक्षक नेहमी विसरतो.

नटाचा वाटाही अर्थात कमी नाही. २०१८ साली जपानमध्ये 'ओस्सान्स लव्ह' या मालिकेने प्रेक्षकांना वेड लावले. तानाका केई याने केलेला हारुता आणि हायाशी केंतो याने केलेला माकी, ही जोडी लोकांच्या मनात बसली. २०१९ च्या अखेरीस पुढची मालिका आली ती विमान कंपनीतली, निराळ्याच जगातली. हारुता तोच, पण माकी नाही! त्याच्यासमोर दुसरे नट. पुष्कळ प्रेक्षक नाराज झाले. शेवटी २०२४ साली हायाशी केंतो परतला तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. ही नाराजी मी समजू शकते. माकी हे पात्र त्या नटाच्या शरीराने आणि आवाजाने घडलेले होते. पात्र प्रेक्षकाचे झाले, की ते बदलणे सोपे राहत नाही.

इथवर सारे ठीक. रूपाची मते, तुलनेची मते, सगळी हक्काची. प्रेक्षकाने मत द्यायचे नाही तर करायचे काय? माझी अडचण आहे ती तिसऱ्या प्रकाराशी. या मताचा आरंभ नेहमी एकाच प्रश्नाने होतो. "पण खऱ्या आयुष्यात यांचं काही आहे का गं?"

थायलंडमध्ये या प्रश्नावर अख्खा व्यवसाय उभा आहे. तिथे 'खू-जिन' असा शब्द आहे. कल्पनेतली जोडी, असा त्याचा अर्थ सांगता येईल. दोन नट एका मालिकेत गाजले, की पुढच्या मालिकेतही तेच दोघे, जाहिरातीत तेच दोघे, चाहत्यांच्या मेळाव्यात तेच दोघे. मेळाव्यात त्यांनी एकमेकांना घास भरवायचा आणि खाली बसलेल्यांनी किंचाळायचे. जोडी हाच माल आणि 'कदाचित खरे असेल' ही त्याची वेष्टनपट्टी. एखादा नट एखाद्या मुलीबरोबर दिसल्याची नुसती वार्ता आली तरी चाहत्यांत रडारड सुरू होते. जणू त्याने आपल्यालाच फसवले! 'सोटस'मधले क्रिस्ट आणि सिंगतो पुढे निरनिराळ्या जोडीदारांबरोबर कामे करीत राहिले, पण लोकांनी जुनी जोडी सोडली नाही. २०२५ साली 'द एक्स-मॉर्निंग'मध्ये ते पुन्हा एकत्र आले, आणि कथा कोणती? एकेकाळच्या प्रियकरांची पुन्हा गाठ पडते, ही! प्रेक्षकांची ओढच कथानक होऊन बसली. हे गोड आहे हे मी नाकारत नाही. पण नऊ वर्षे एखाद्याच्या पाठीवर आपण दुसऱ्या माणसाचे नाव चिकटवून ठेवतो, याचाही विचार व्हावा.

चीनमध्ये हेच प्रकरण भयंकर थराला गेले. तिथे २०१६ च्या फेब्रुवारीत 'अॅडिक्टेड' ही मालिका शेवटचे भाग दाखवण्याआधीच काढून टाकण्यात आली. त्यानंतर निर्मात्यांनी वाट काढली, ती प्रेमाला मैत्रीचे पांघरूण घालण्याची. २०१९ सालची 'द अनटेम्ड' ही पन्नास भागांची मालिका अशीच. मूळ कादंबरीत दोघे प्रियकर आहेत, मालिकेत ते जिवलग आहेत. एक बासरी वाजवतो, दुसरा सात तारांचे गुचिन, आणि शब्दांत जे सांगता येत नाही ते सुरांतून कळते. शियाओ जान आणि वांग यीबो यांनी त्या मनाईतूनच एक विलक्षण आर्तता निर्माण केली. पण पुढे काय झाले? २०२० च्या फेब्रुवारीत या दोन नटांची खरी नावे वापरून कुणीतरी एक कथा लिहिली. शियाओ जानचे चाहते खवळले. त्यांनी तक्रारींचा पाऊस पाडला आणि ज्या संकेतस्थळावर ती कथा होती ते चीनमध्ये बंद झाले. तिथे लिहिणाऱ्या इतर असंख्य मुलींचा काहीएक संबंध नसताना त्यांची जागा गेली. मग त्या चिडल्या आणि त्यांनी त्या नटावर बहिष्कार पुकारला. वास्तविक त्याने स्वतः काय केले होते? एका मालिकेत चांगले काम केले होते!

याच सुमारास, म्हणजे आमच्या खोलीतले वाद ऐन भरात असताना, वर्गात साहित्यशास्त्राच्या तासाला रसचर्चा सुरू झाली. रस नेमका कुठे असतो? मूळ पात्रात, नटात की प्रेक्षकात? भट्ट लोल्लट, शंकुक, भट्टनायक, अभिनवगुप्त अशी आचार्यांची रांगच फळ्यावर उभी राहिली. मी वहीत उतरवून घेत होते आणि एकदम थबकले. सर शंकुकाचा चित्रतुरगन्याय सांगत होते. चित्रातला घोडा पाहून आपण 'हा घोडा' असे म्हणतो. तो खरा घोडा आहे असे आपण मानत नाही, तो खोटा आहे असेही म्हणत नाही, घोडा आहे की नाही अशी शंकाही घेत नाही आणि घोड्यासारखे काहीतरी आहे असेही म्हणत नाही. रंगभूमीवरच्या नटाला 'हा राम' म्हणताना आपली जाणीव अशीच वेगळ्या जातीची असते. पुढच्या आचार्यांनी शंकुकाचे म्हणणे खोडून काढले आणि परीक्षेत तेही लिहावे लागते, हा भाग निराळा. पण मला वाटले, अरे, रात्रभर आपण ज्यावर भांडतो ते हेच की! हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या काश्मिरी पंडितांनी आमचा वाद आधीच घालून ठेवला होता.

आपल्या रंगभूमीलाही हे नवीन नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी झाले आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन स्पर्धक कंपन्यांचे दोन पुरुष नट, आणि त्यांच्यातली प्रीती पाहायला नाट्यगृहात लोटलेली गर्दी. तिथे एक पात्र स्त्रीचे होते, हा फरक मी विसरत नाही. पण ते प्रेम रंगमंचावरचे आहे, हे त्या प्रेक्षकांना कळत होते आणि कळूनही त्यांचा आनंद उणावला नव्हता.

चित्रातल्या घोड्याला कुणी हरभरा खाऊ घालत नाही. त्याचा तबेला कुठे आहे हे शोधत कुणी चित्रकाराच्या घरात शिरत नाही. आम्ही मात्र शिरतो. आणि एकदा ही सवय लागली, की ती थायलंडच्या नटांपाशी थांबत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

सांगायला संकोच वाटतो, पण सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. आमच्या ओळखीत दोन मुलगे होते. कुठल्या वर्गातले, कुठल्या वर्षीचे, हे लिहीत नाही. दोघे जिवाभावाचे मित्र. एका गाडीवरून येत, एका डब्यात जेवत. एकाचे दप्तर दुसऱ्याच्या खांद्यावर. आम्ही त्यांची जोडी लावून टाकली. दोघांच्या नावांचे अर्धे अर्धे तुकडे जोडून एक नाव तयार केले. ही कल्पना माझी होती. ते दोघे आले की कुणीतरी खोकायचे, कुणीतरी त्या जोडनावाने हाक मारायची. बाकावर कुणी बदाम काढला. कुणी दोघांचे चोरून चित्रीकरण करून त्याला गाणे जोडले आणि ते या फोनवरून त्या फोनवर गेले. आम्हांला वाटे, आम्ही काय वाईट म्हणतो आहोत? आम्ही तर कौतुक करतो आहोत! आम्ही पुढारलेल्या आहोत!

काही दिवसांनी ते वेगवेगळ्या बाकांवर बसू लागले. मग गाडीही वेगळी झाली. एके दिवशी ग्रंथालयात त्यांच्यातला एक जण मला भेटला. रागावला नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला मजा वाटते. पण ते गावात कुणी बघितलं, तर मला घरी बोलवून घेतील. शिक्षण बंद."

मला काही बोलता आले नाही. घरी बोलावून घेणे म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ज्या घरातून पहिलेच पोर शिकायला बाहेर पडते, त्या घराचा एक कान सतत गावाकडे लागलेला असतो. कुणी एक शब्द बोलले तरी पोर परत आणले जाते. मुलींच्या बाबतीत हे मी पाहिले आहे. माझ्या बाबतीतही ही भीती रोजची आहे. आणि तीच भीती मी एका मुलाच्या ताटात नेऊन वाढली होती, तीही हसत हसत.

ते दोघे 'तसे' होते की नव्हते? पुष्कळांनी मला हे विचारले. मला माहीत नाही, आणि आता मला एवढे कळते की तो प्रश्न माझा नव्हताच. नसतील, तर आम्ही एक निखळ मैत्री नासवली. असतील, तर त्याहून वाईट केले. जे सांगायला त्यांना कदाचित अजून दहा वर्षे लागली असती, ते आम्ही बाकावर कोरून ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी असे प्रेम गुन्हा नाही असा निर्णय दिला, हे आम्हां सगळ्यांना पाठ आहे. पण न्यायालयाचा निकाल आणि गावची पारावरची चर्चा यांत किती कोसांचे अंतर आहे, हे पाठ करायला आम्ही विसरलो.

काही जण म्हणतात, की मग अशा भूमिका अशाच नटांना द्या, म्हणजे नाटकी काही उरणार नाही. या मागणीतला न्याय मला कळतो. ज्यांचे आयुष्य आहे त्यांनाच बाहेर ठेवून इतरांनी त्यावर पैसे मिळवावेत, हे चांगले नाही. थायलंडमध्ये वर्षानुवर्षे पडद्यावर लाखोंनी टाळ्या घेणारी ही प्रेमे प्रत्यक्षात विवाहनोंदणीला पात्र नव्हती. तो कायदा २३ जानेवारी २०२५ रोजी अमलात आला. तेव्हा अशा लेखकांना, दिग्दर्शकांना, नटांना संधी मिळालीच पाहिजे. २०२५ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात मोठा पुरस्कार मिळवणारा रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून आलेला आहे. वडिलांच्या सुतकात दहा दिवस गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र यांची ती कथा. ती आपल्या भाषेत, आपल्या मातीत घडते याचा मला अभिमान वाटतो. पण भूमिका देण्यापूर्वी प्रत्येक नटाला उभे करून 'तू कोण आहेस ते सांग' असे विचारायचे, हे मला पटत नाही. ज्याला सांगायचे आहे त्याने सांगावे, त्याचे स्वागत व्हावे. ज्याला सांगायचे नाही त्याच्या अभिनयावर बोलावे आणि थांबावे.

म्हणून, मित्रमैत्रिणींनो, मालिका पाहणे सोडा असे मी म्हणणार नाही. मी स्वतः सोडलेले नाही. जोडी जमली नाही तर जमली नाही असे ठणकावून सांगा. नट खांबासारखा उभा राहिला तर त्याला खांब म्हणा. लेखकाने प्रसंग दिला नाही तर लेखकाला धरा. पात्रयोजना चुकली असेल तर भांडा, अगदी रेक्टरबाई दिवा बंद करायला येईपर्यंत भांडा. फक्त भाग संपला, की त्या दोन माणसांना आपापल्या घरी जाऊ द्या. आपल्या वर्गातल्या दोन माणसांना तर नक्कीच.

मी त्या मुलाची माफी मागितली. "असू दे," म्हणाला. ते चित्रीकरण ज्यांच्या ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडून आम्ही पुसून घेतले. सगळ्यांकडून पुसले गेले का, कोण जाणे. बाकावरचा बदाम मी आणि माझ्या रूमपार्टनरने एका दुपारी घासून काढला. लाकडावर पांढरट डाग राहिला आहे. परवा कँटीनमध्ये ते दोघे मला एका टेबलावर दिसले. डबे अजून दोन होते. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. चहा घेतला आणि तासाला गेले.